बांधनायकाची निवड

ऐका. लहान असाल तर मांडी घालून ऐका, मोठे असाल तर जरा मान खाली घालून ऐका. फार फार मागे, आपल्यापैकी कुणाच्याच पणजोबांना आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एक नगर तळ्याखाली वसलं होतं.

तळ्याखाली म्हणजे पाण्यात नव्हे हो! वर डोंगराच्या कुशीत थोरलं तळं, तळ्याला मातीचा उंच बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी नगर. तळ्याचं पाणी पाटाने शेतात यायचं, वर्षाला दोन पिकं निघायची, माणसं खाऊनपिऊन सुखी होती. डोक्यावर एवढं पाणी घेऊन तुम्ही झोपता तरी कसे, असं परगावचा पाहुणा हमखास विचारायचा. मग नगरातले लोक त्याला बांधनायकाचं घर दाखवायचे.

बांधनायक म्हणजे बांधाचा राखणदार. त्याचं घर नगरात सगळ्यात खाली, बांधाला अगदी टेकून. ज्याने बांध सांभाळायचा त्याने बांधाखालीच राहायचं, अशी तिथली रीत. त्याच्या अंगणात एक नगारा होता. तो वाजला की तोंडातला घास तोंडात ठेवून सगळ्यांनी टेकडीवर पळायचं. का म्हणून विचारायचं नाही. नगारा वाजवायला बांधनायकाला राजाचीही परवानगी लागत नसे, आणि बांधनायकाशिवाय त्या नगाऱ्याला राजानेही हात लावायचा नसे.

पुढे बांधनायक दादोबा म्हातारा झाला. गुडघे बोलायला लागले, बांध चढताना धाप लागायला लागली. तेव्हा राजाने शास्त्रीबुवांना बोलावलं.

आता या शास्त्रीबुवांबद्दल सांगतो, कारण गोष्ट त्यांचीच आहे. राज्यातल्या गावोगावची हुशार मुलं निवडून त्यांच्या पाठशाळेत आणली जायची. कुंभाराचं असो की सेनापतीचं, डोकं चालत असेल तर त्याला तिथे जागा होती. शास्त्रीबुवा विद्वान होते, मायाळू होते, त्यांनी कधी कुणाला छडी लावली नाही आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. ही तशी नाही, म्हणून मला सांगताना राग येतो.

"शास्त्रीबुवा," राजा म्हणाला, "तुमच्या एकवीस मुलांतून पुढचा बांधनायक शोधा. हुशार सगळीच आहेत. मला असं पोर हवं, ज्याच्या मागे माणसं जातील."

शास्त्रीबुवा दादोबाला भेटायला गेले. दादोबा ओसरीवर पाय चोळत बसला होता.

"मी उभ्या जन्मात तीनदा नगारा वाजवला," दादोबा म्हणाला. "दोनदा काहीच झालं नाही. लोक टेकडीवरून उतरले ते मला शिव्या घालतच उतरले. पोरं महिनाभर माझ्या दारात थाळ्या बडवायची."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा माझं घर आणि अख्खी आळी वाहून गेली. आत चिटपाखरू नव्हतं." दादोबा हसला. "आपल्याला दिसलं ते सांगेल आणि वर लोक हसले तरी ज्याला रात्री झोप लागेल, असं पोर बघा बुवा. बाकी बांधाचं काय, ते मी महिन्याभरात शिकवतो."

शास्त्रीबुवांनी मान डोलावली. घरी आले, पोथ्या काढल्या आणि नेत्याची बत्तीस लक्षणं लिहून काढली. भव्य कपाळ, गंभीर आवाज, ताठ कणा, स्थिर नजर, वडीलधाऱ्यांविषयी आदर... दादोबाचं म्हणणं त्यात कुठे बसेना, तेव्हा त्यांनी ते सोडून दिलं.

बत्तीसपैकी एकतीस लक्षणं इंद्रसेनात होती. इंद्रसेन सेनापतींचा मुलगा, तेरा वर्षांचा. गुरुजी आत आले की पहिला उभा राहणारा तो. बोलला की वाटावं घंटा वाजतेय. मनानेही चांगला होता हो, खोटं कशाला बोलू? आपल्या ताटातला लाडू दुसऱ्याला देणारा मुलगा.

आणि येसू होती. कुंभाराची पोर, अकरा वर्षांची. कपाळ एवढंसं, आवाज चिरका, केसांत कायम माती. लक्षणं मोजायला बसावं तर एका हाताची बोटंही लागू नयेत. पण एक गंमत होती. शास्त्रीबुवांनी अवघड प्रश्न घातला की सगळी मुलं आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग येसूकडे. ती पुटपुटायची, "असं करून बघू या का?" आणि वीस माना एकदम पाट्यांवर वाकायच्या.

शास्त्रीबुवांना हे दिसलं नाही असं समजू नका. दिसलं. त्यांना वाटलं, पोरगी बडबडी आहे, मुलांचं लक्ष उडवते. त्यांनी तिला सगळ्यांत मागे बसवलं. दुसऱ्या दिवसापासून मुलं माना मागे वळवू लागली. शास्त्रीबुवा मानांवर रागावले.

शेवटी त्यांनी मोठी परीक्षा ठेवली. पाठशाळेमागे एक ओहोळ होता. त्यावर मुलांनी मिळून छातीइतक्या उंचीचा मातीचा बांध घालायचा, इंद्रसेन सांगेल तसा. बांध झाला की रीतीप्रमाणे सगळ्यांनी बांधाखाली, कोरड्या पात्रात उभं राहायचं. शास्त्रीबुवा घंटा देतील तोवर जागचं हलायचं नाही. ज्याचा आपल्या कामावर विश्वास तो उभा राहील, असा त्यांचा हिशेब.

मुलांनी दिवसभर खपून बांध घातला. दिवस कलताना पाणी तुंबलं आणि एकवीस मुलं बांधाखाली रांगेत उभी राहिली. शास्त्रीबुवा काठावर घंटा घेऊन बसले.

थोड्या वेळाने येसू रांगेतून वाकली. बांधाच्या बुडाशी पाणी पाझरत होतं. तिने त्यात बोट घातलं, बोट डोळ्यांपाशी नेलं.

"गुरुजी, पाझर गढूळ झालाय."

"रांगेत उभी राहा."

"मगाशी स्वच्छ होता. आता माती येतेय त्यातून. पाणी बांध आतून खातंय गुरुजी."

"घंटा झाली का?"

"नाही, पण..."

"मग उभी राहा!"

येसू क्षणभर उभी राहिली. तिच्या शेजारी सगळ्यात लहान मुलगा होता, सात वर्षांचा. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "चला रे." मोठ्यानेसुद्धा नाही, जेवायला चला म्हणावं तसं. ती काठावर चढली. तिच्या मागे दुसरा चढला, तिसरी चढली, आणि बघता बघता तिच्यामागोमाग एकोणीस मुलं काठावर आली. खाली एकटा इंद्रसेन उरला. ओठ घट्ट मिटून, डोळे गुरुजींच्या घंटेवर लावून. तो हलला नाही.

शास्त्रीबुवांचं काय झालं असेल, विचार करा. सहा महिने जे पोर ते बत्तीस लक्षणं घेऊन शोधत होते, ते त्यांच्या डोळ्यांसमोर एका शब्दावर एकोणीस माणसं घेऊन निघालं होतं. पण ते निघालं होतं त्यांच्या शब्दाविरुद्ध. त्यांच्या कानशिलांना आग लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा वर्ग त्यांना सोडून गेला होता, आणि कुणामुळे, तर केसांत माती माखलेल्या पोरीमुळे! मग त्यांनी खाली पाहिलं. इंद्रसेन एकटा उभा होता, आणि त्यांचा ऊर भरून आला.

त्यांनी ठरलेल्या वेळी घंटा दिली. बांध फुटला नव्हता.

"बघितलंस?" शास्त्रीबुवा येसूला म्हणाले. येसू खाली बघत राहिली. मुलंही खाली बघू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे शास्त्रीबुवा अंघोळीला ओहोळावर गेले, तेव्हा बांध नव्हता. मधोमध बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं, आणि काल मुलं उभी होती तिथे गुडघाभर गाळ साचला होता. एखादं जनावर पाण्यावर आलं असेल, ते म्हणाले. कुणाला म्हणाले? तिथे तर कुणीच नव्हतं. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि उरलेले दोन्ही कडांचे ढिगारे पायाने ढकलून पाण्यात पाडले. मुलं उठली तेव्हा ओहोळ नेहमीसारखा वाहत होता. काल संध्याकाळीच आपण बांध मोडायला लावला होता, असं त्यांनी सांगितलं.

हाय रे देवा! एवढा शिकलेला माणूस, आणि पायाने चिखल ढकलतो.

इंद्रसेनाची निवड झाली. राजाने त्याला सोन्याचं कडं दिलं. दादोबाने त्याला बांध शिकवला आणि त्याच वर्षी तो वारला. मरण्याआधी त्याने शास्त्रीबुवांना एवढंच विचारलं, "पोर हसू सोसेल ना?" शास्त्रीबुवा म्हणाले, "त्याला कुणी हसणारच नाही."

येसूला त्यांनी काढून टाकलं नाही. ते दयाळू होते ना! ते म्हणाले, पोरगी बुद्धीची आहे, फक्त वळण लावलं पाहिजे. मग त्यांनी वळण लावायला घेतलं. येसू काहीही बोलली की ते शांतपणे विचारायचे, "नक्की? कशावरून? तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, बाहेर पाऊस आलाय, तरी हेच. ती म्हणाली, याला ताप आहे, तरी हेच. पुन्हा पुन्हा, न चिडता, गोड आवाजात, ती "माझं चुकत असेल" म्हणेपर्यंत. बाकीच्या मुलांना तिच्याकडे बघायची बंदी होती. पहिले दोन महिने ती भांडली. पुढचे दोन महिने रडली. वर्ष संपलं तेव्हा ती विचारल्याशिवाय बोलत नव्हती आणि विचारलं तरी आधी समोरच्याच्या तोंडाकडे बघत होती. वर्गात आता कुणाची मान मागे वळत नव्हती.

"सुधारली पोरगी," शास्त्रीबुवा राजाला म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

बारा वर्षं गेली. इंद्रसेनाने बांध असा राखला की बघणाऱ्याने बघत राहावं. गवत कापलेलं, पायऱ्या झाडलेल्या, नगाऱ्यावर दर पाडव्याला नवं कातडं. येसू पाठशाळेतून घरी गेली, कुंभारवाड्यातच तिचं लग्न झालं, एक मुलगी झाली. तिचा नवरा बाजारात मडकी विकायचा. ती चाकावर बसायची आणि फारसं कुणाशी बोलायची नाही. गरीब स्वभावाची आहे, असं लोक म्हणायचे.

मग एका भाद्रपदात वर डोंगरात आठ दिवस पाऊस कोसळला. गंमत अशी की नगरावर लख्ख ऊन होतं. त्यात बाजाराचा दिवस. खालच्या पेठेत पंचक्रोशीतली माणसं जमली होती, बांगड्यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नव्हती.

दुपारी इंद्रसेनाचा माणूस शास्त्रीबुवांना बोलवायला आला. शास्त्रीबुवा आता साठीच्या पुढे गेले होते, तरी धापा टाकत बांधावर चढले. तळं काठोकाठ भरलं होतं. बांधाच्या माथ्यावर लांबच लांब भेग पडली होती.

"सकाळी यात करंगळी जात होती," इंद्रसेन म्हणाला. त्याने भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. "राजे शिकारीला गेलेत. मी स्वार पाठवलाय. संध्याकाळपर्यंत निरोप येईल."

"अरे, पण नगाऱ्याला राजाची परवानगी कशाला? नगारा तुझा आहे!"

"हो गुरुजी." इंद्रसेनाच्या कपाळावर घाम होता. "पण वाजवला आणि काहीच झालं नाही तर? बाजाराचा दिवस आहे. चेंगराचेंगरी होईल, मालाची नासाडी होईल. बारा वर्षांत माझ्या हातून एक चूक झालेली नाही. आपण सांगा ना. आपण नुसतं 'वाजव' म्हणा, मी आत्ता वाजवतो."

आणि त्याने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. तेच डोळे, घंटेकडे लागलेले. याला उभं राहायला आपण शिकवलं. हलायचं कधी, ते याला कुणी शिकवलंच नाही.

'वाजव' हा केवढासा शब्द! त्यांनी तोंड उघडलं. पण मला पाण्यातलं काय कळतं, त्यांना वाटलं. मी व्याकरणाचा माणूस. काही झालं नाही तर उद्या सगळं नगर मला हसेल. त्यांनी तोंड मिटलं. आणि मग, बारा वर्षांनी, त्यांना येसू आठवली.

"थांब," ते म्हणाले. "मी आलोच." ते बांध उतरले आणि धोतर सावरत कुंभारवाड्याकडे पळत सुटले.

कुंभारवाडा टेकडीच्या पायथ्याशी होता. येसू अंगणात विहिरीपाशी उभी होती, कडेवर चार वर्षांची मुलगी. ती विहिरीत बघत होती. शास्त्रीबुवांनीही वाकून पाहिलं. पाणी हाताला लागेल इतकं वर आलं होतं आणि लालभडक गढूळ होतं.

"हे कधीपासून?"

"सकाळपासून, गुरुजी."

"मग कुणाला सांगितलं नाहीस?"

येसूने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "काय सांगू? नक्की कशावरून म्हणतेस, असं विचारलं तर माझ्याकडे काय आहे? तुम्ही विचारायचात, तुला कुणी सांगितलं. मला कुणीच सांगितलं नाही गुरुजी. मला नुसतं दिसतंय. आणि मला दिसतं ते खरंच असतं, असं आता वाटत नाही."

"येसू, बाळ, खरंय ते! बांधाला भेग पडलीय. तू सांग लोकांना. तू चला म्हणालीस की लोक येतात, मी पाहिलंय."

त्यांनी तिचा दंड धरून तिला आळीच्या तोंडाशी आणलं. बायका भट्टी लावत होत्या. येसू उभी राहिली. तिचे ओठ हलले.

"अगं बायांनो, विहिरीचं पाणी... मला वाटतंय... माझं चुकतही असेल, पण..."

"चुकत असेल तर घरी जा बाई," एक म्हातारी म्हणाली. "इथे भट्टी पेटलीय." दोघीचौघी हसल्या. वाईट नाही, आपलं सहज. येसूने मान खाली घातली आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत गप्प झाली.

शास्त्रीबुवा तिथेच उभे होते. गढूळ पाणी त्यांनी पाहिलं होतं, भेग पाहिली होती, आता आणखी काय बघायचं उरलं होतं? तेव्हा कुठे त्यांना कळलं, की आपल्याला सल्ला नकोच होता, आपल्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी बोलावं एवढंच हवं होतं. ते वळले आणि बांधाच्या वाटेने पळाले. वळणाच्या चढावर आल्यावर त्यांना खाली इंद्रसेनाचं अंगण दिसलं. इंद्रसेन नगाऱ्यापाशी ताटकळत उभा होता.

"वाजव!" शास्त्रीबुवा ओरडले. "अरे, वाजव!"

इंद्रसेनाने वर पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. आज्ञा मिळाली की वाकून जमिनीला हात लावायचा, ही पाठशाळेची शिस्त. तो वाकला, जमिनीला हात लावला, मग टिपऱ्या उचलल्या.

नगाऱ्यावर एकच ठोका पडला. बाजारातल्या माणसांनी माना वर केल्या. कुठे वरात निघालीय का, असं कुणीतरी विचारलं म्हणतात. मग बांध गेला.

पुढचं मी सांगत नाही. लहान मुलं बसली आहेत. पेठ गेली, खालच्या तिन्ही आळ्या गेल्या, बाजारासाठी बाहेरगावहून आलेली माणसं गेली, ज्यांना टेकडी कोणत्या बाजूला आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. इंद्रसेन सापडलाच नाही. त्या एका ठोक्यावर येसू मुलीला घेऊन टेकडीवर पळाली, म्हणून त्या दोघी वाचल्या. तिचा नवरा मडकी घेऊन पेठेत बसला होता. शास्त्रीबुवा चढावर होते, तेही वाचले.

लोकांनी इंद्रसेनाच्या नावाने बोटं मोडली. मेलेल्या मुलाला शिव्या घातल्या. शास्त्रीबुवा राजापुढे गेले आणि म्हणाले, "महाराज, निवड माझी होती."

"तुम्ही तुमचं काम चोख केलंत," राजा थकलेल्या आवाजात म्हणाला. "बत्तीसपैकी एकतीस लक्षणं होती त्याच्यात. माणसाने आणखी काय बघायचं? वर टेकडीवर पाठशाळा पुन्हा सुरू करा. बांध बांधायचा आहे, नवा बांधनायक लागेल."

शास्त्रीबुवांना वाटलं होतं राजा देशोधडीला लावेल. राजाने शालजोडी दिली. ती शाल खांद्यावर घेऊन ते घरी आले आणि रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तीन वर्षांनी ते मुलं निवडायला टेकडीवरच्या झोपड्यांतून फिरत होते. उन्हाची वेळ होती. दमून ते एका पायवाटेवर बसले. खालच्या झऱ्यावरून मुलांची रांग हातोहात पाण्याची मडकी वर देत होती. रांगेच्या मधोमध एक सात वर्षांची चिमुरडी कमरेवर हात देऊन उभी होती.

"तू उंच आहेस, तू दगडापाशी उभा राहा. आणि तुझा हात दुखतोय ना? मग तू गाणं म्हण." मग ती शास्त्रीबुवांकडे वळली. "आजोबा, तुम्ही वाटेतच बसलाय. इकडे सावलीत या बघू."

शास्त्रीबुवा उठले आणि सावलीत जाऊन बसले. बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण का म्हणून विचारलंही नाही. त्यांच्या अंगावर काटा आला.

"कुणाची गं तू?"

"येसू कुंभारणीची. मी चंद्रा."

ते येसूच्या झोपडीपाशी गेले. येसू चाकावर होती. तिने उठून त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि पुन्हा चाकावर बसली.

"येसू, तुझी चंद्रा मला दे," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी चुकलो. तुझ्या वेळी मी चुकलो. या वेळी मी ओळखलंय."

"तुम्ही तेव्हाही ओळखलं होतं गुरुजी," येसू म्हणाली. "माझ्या आईबापांनीही ओळखलं नव्हतं, तुम्ही पहिल्याच महिन्यात ओळखलंत. म्हणून तर मागे बसवलंत."

पाण्याचं भांडं शास्त्रीबुवांच्या हातात तसंच राहिलं.

"त्या दिवशी संध्याकाळी आपला बांध खरंच मोडायला लावला होता का हो?" तिने विचारलं. "मी खूप दिवस विचार करत होते."

शास्त्रीबुवांनी मान हलवली. नाही.

येसूने डोळे मिटले. तिचं चाक हळूहळू थांबलं. "तेव्हा सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी त्या दिवशी आळीत ओरडले असते."

बाहेरून चंद्राचा आवाज येत होता, चिरका, टेकडीभर ऐकू जाईल असा. कुणाला तरी ती रागावत होती.

"माझी पोर अडाणी राहिली तरी चालेल मला," येसू म्हणाली. "तिला बोलता येतंय अजून. तेवढं मी कुणाला देणार नाही."

शास्त्रीबुवा उठले. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि आल्या वाटेने निघून गेले. पुढे त्यांच्या पाठशाळेत पुन्हा एकवीस मुलं आली, सगळी हुशार, सगळी गुणी. शास्त्रीबुवा आत आले की एकवीसही जणं एकदम उठून उभी राहायची. शास्त्रीबुवा रोज मुद्दाम एक चूक शिकवायचे, आणि कुणीतरी अडवेल म्हणून मरेपर्यंत वाट बघायचे. त्यांची कीर्ती एवढी मोठी होती, की एकाही मुलाने तोंड उघडलं नाही.

म्हणून शिकवणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा: आपल्यापुढे मान डोलावणाऱ्यांत जो पुढारी शोधत बसतो, तो खरा पुढारी आपल्याच हाताने मुका करून ठेवतो.